येतो म्हणाला

माझ्या दुकानात पाय ठेवणारा प्रत्येक माणूस भिंतीवर टांगलेल्या त्या डब्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, “हे चालते का?”

चालते. बॅटरी भरलेली असते, भिंगं पुसलेली असतात, बटण दाबलं की सुरू होतो. पण विचारणाऱ्याला ते विचारायचं नसतं. डोळ्यांवर असला डबा बांधून खेळणारं कोणी आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. मी दर वेळी ‘चालते’ म्हणायचो, आणि तेही जरा जोरात, कारण त्या उत्तरावर माझं काहीतरी अडकलेलं होतं. काय अडकलेलं होतं, ते सांगतो.

वणीच्या बसस्टँडमागे माझं गेम झोन आहे. पाच टीव्ही, एका मंगल कार्यालयाने टाकून दिलेले तीन सोफे आणि हवेपेक्षा आवाज जास्त फेकणारा एक कूलर. येणारी पोरं खाणीच्या कॉलनीतली, नाहीतर कॉलेजातली. दुपारी गाडी भरायला वेळ असला की कोळशाच्या ट्रकांवरचे ड्रायव्हरही येतात. फुटबॉल किंवा गाड्यांची रेस, याच्यापुढे कोणाची मजल जात नाही. मी इतकी वर्षं या लोकांना खेळताना बघत आलोय, म्हणून छातीठोकपणे सांगतो, गोल मारला की कोणी टीव्हीकडे बघत नाही. तो बाजूला बसलेल्याच्या तोंडाकडे बघतो. हरलेल्याचं तोंड बघायला मिळावं म्हणून तर तो इथवर येतो, नाहीतर मोबाइल काय त्याच्या खिशात नाही? डब्यात शिरलं की ते तोंडच दिसत नाही. मग जिंकून करायचं काय?

शिवाय आमचा उन्हाळा. शहरात बसून लोक भाकीत करतात की हे हेडसेट जरा हलके झाले, जरा स्वस्त झाले की घराघरांत जातील. असं भाकीत करणाऱ्या एखाद्याला मे महिन्यातल्या दुपारी माझ्या सोफ्यावर बसवायची माझी तयारी आहे, चहा माझ्याकडून. एकाने डबा काढला की आतला फोम घामाने चिंब, वर कोळशाची धूळ. पुढचा तो रुमालाने पुसतो, वास घेतो आणि म्हणतो, राहू दे भाऊ, फुटबॉलच लाव. केस बसतात ही तक्रार वेगळी. गरगरतं ही वेगळी. एकदा एक डंपरवाला गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरूनच आत शिरला. समोर तळं दिसलं, तसा तो मोठ्या समाधानाने तळ्यात थुंकला. तळं डब्यात होतं, थुंकी माझ्या टीव्हीवर. दोस्तांनी त्याचा व्हिडिओ काढला, तो तालुकाभर फिरला. त्यानंतर जो तो डबा चढवायच्या आधी दोस्तांना मोबाइल खिशात घालायला सांगू लागला, आणि दोस्त काही घालत नसत.

तर हा डबा वणीत आला कसा? इंद्रजीतने आणला.

इंद्रजीत राठोड माझा शाळेपासूनचा दोस्त. मी मूळचा राळेगावकडचा. आमची कपाशी-तुरीची शेती दादा बघतो. मी शिकायला म्हणून वणीला मावशीकडे आलो आणि इथलाच होऊन गेलो. इंद्रजीतचा तांडा मारेगावच्या रस्त्याला, गावापासून सायकलने जाण्याइतका लांब. दुकान आम्ही दोघांनी मिळून टाकलं. मी दुकानामागच्या खोलीत राहायचो, अजूनही तिथेच राहतो. तो सकाळी तांड्यावरून यायचा, याडीने बांधून दिलेल्या भाकरी घेऊन. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. त्याच्या आईचं नाव बिजलीबाई, पण मीही तिला याडीच म्हणतो. शटर अर्धंच वर करायचं, त्याने वाकून आत यायचं, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी आम्ही दोघांनी एक डाव खेळायचा. बोलणं फारसं नसायचं. कधी तो जिंकायचा, कधी मी, आणि जिंकणारा हरलेल्याच्या तोंडाकडे बघून घ्यायचा. मग शटर पूर्ण वर. त्या सोफ्यात दोन खळगे पडलेत, एक माझा, एक त्याचा. आजही त्याच्या खळग्यात कोणी बसलं तर मी त्याला काहीतरी कारण काढून दुसऱ्या टीव्हीकडे पाठवतो.

पुढे त्याचं लग्न झालं, ममता आली, आणि पुण्याच्या एका गेम कंपनीत त्याला काम लागलं. गेम खेळायचे आणि त्यातल्या चुका शोधून काढायच्या, असं काम. लोक हेवा करत. मला फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. खरं म्हणजे मी एकटा पडलो होतो. आमच्या दोन कंट्रोलरपैकी एकाची वायर गुंडाळून मी तो कपाटात ठेवला आणि सकाळचा चहा उभ्याउभ्या प्यायला लागलो. भरलेल्या दुकानात माणूस एकटा असू शकतो हे मला तेव्हा कळलं. दिवसभर माझ्या अवतीभवती पोरं ओरडत असतात, पण माझ्यावर कोणी ओरडत नसतं.

पहिल्याच दिवाळीला तो गावी आला तो दोन डबे घेऊन. त्याची कंपनी आता असल्या डब्यांचेच खेळ बनवू लागली होती. एक डबा दुकानाला, एक त्याच्याकडे पुण्यात. आपल्या खळग्यात बसून, पाय वर घेऊन, त्याने मला समजावून सांगितलं की थोड्याच वर्षांत टीव्हीवर खेळणारं कोणी उरणार नाही. पोरं आतच खेळतील, आतच भांडतील. मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “वणीत हे चाललं ना बे, त मी नोकरी सोडून येतो. मोठा हॉल घेऊ. धा डब्बे लावू.”

तो ते बोलण्याच्या भरात म्हणाला असेल, पण मी ते धरून बसलो. ‘हे चालते का’ म्हणजे माझ्यापुरतं ‘इंद्रजीत परत येते का’, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून मी त्या डब्यासाठी जीव टाकला. पोरांना फुकट खेळवलं. फोम रोज धुऊन उन्हात वाळवला. गरगरणाऱ्यांसाठी लिंबू कापून ठेवलं. भिंतीवर बोर्ड रंगवला, त्यात डोक्याला डबा लावलेला माणूस होता, तो पेंटरने असा काढला की लोक विचारायचे, डोळ्याचं ऑपरेशन करून मिळते का? एकदा स्पर्धाही ठेवली. उडत येणारी फळं तलवारीने कापायची. कॉलनीतल्या एका उंच पोराने सगळ्यांना मागे टाकलं. शेवटचं फळ कापून त्याने डबा काढला, दोन्ही हात वर करून वळला, तर दोस्त सगळे फुटबॉलच्या टीव्हीपुढे. त्याला जिंकताना कोणीच बघितलं नव्हतं. त्याने हात हळूच खाली घेतले आणि केस सारखे केल्यासारखं केलं. मला त्या पोराची इतकी दया आली की मीच टाळ्या वाजवल्या, आणि त्याला त्याची जास्तच लाज वाटली.

आमच्या दोघांसाठी मात्र डबा चालायचा. आम्ही भेटायचो तो खेळ मासे धरायचा होता. कुठल्यातरी थंड देशातलं तळं, पलीकडे बर्फाचे डोंगर, काठावर दोन स्टुलं. बसायचं, गळ टाकायचा, मासा लागला की ओढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. आमच्या निर्गुडा नदीवर असं करताना कोणी दिसला तर लोक त्याला दवाखान्यात नेतील. पण आम्हाला माशांशी काय करायचं होतं? मी शटर अर्धं करून डबा चढवायचो, तिकडे तो ऑफिसला निघायच्या आधी चढवायचा, आणि बाजूच्या स्टुलावर येऊन बसायचा. म्हणजे त्याचं सोंग बसायचं. निळा शर्ट, पिवळी टोपी आणि कायमचं हसरं तोंड. आनंद झाला तरी तेच तोंड, ताप आला तरी तेच. आवाज मात्र खरा. तो याडीची चौकशी करायचा, होळी जवळ आली की तांड्यावर गाणी सुरू झाली का ते विचारायचा, आणि मग गप्प बसायचा, अगदी सोफ्यावर बसायचा तसा. त्या गप्प बसण्याने माझा दिवस सरळ जायचा.

त्या खेळाला एक खोड होती. आत आलेला माणूस स्टुलावर बसलेलाच दिसतो. तिकडे खोलीत तो उभा राहो, फिरो, भिंतीला टेको, इथे तळ्यावर तो बसलेलाच. एवढंच नाही, त्याने डबा काढून ठेवला तरी त्याचं सोंग लगेच जात नाही. गळ धरून, मान जराशी खाली घालून तसंच बसून राहतं, आपण स्वतः बाहेर पडेपर्यंत. सुरुवातीला मी कितीदा तरी त्या मान खाली घातलेल्या इंद्रजीतशी बोलत बसलोय, आणि तिकडे तो बसमध्ये चढलेला असायचा. नंतर त्याला सांगितलं तेव्हा तो खूप हसला. मीही हसलो.

हळूहळू त्याचं येणं कमी झालं. आधी रोज, मग फक्त रविवारी, मग आज पाहुणे आहेत, मग आज डोकं दुखतं. डबा घातला की डोकं दुखतं, असं तो मला सांगू लागला, तोच, ज्याने टीव्ही संपणार म्हणून भाकीत केलं होतं. मी त्यावरून त्याला चिडवलं नाही. चिडवलं असतं तर तो रविवारीही आला नसता.

मी आपला रोज सकाळी तळ्यावर जाऊन बसायचो. बाजूचं स्टूल रिकामं. जगातला कोणीही त्या तळ्यावर येऊ शकतो, तशी सोय आहे, पण येत कोणी नसे. एवढे डोंगर, एवढं पाणी, कधीही न मावळणारी संध्याकाळ, आणि त्या सगळ्यात मी एकटा. कुणीतरी खूप खर्च करून मोठ्ठा मांडव घालावा आणि लग्नच मोडावं, तसं ते वाटायचं. डबा काढला की वणीतला सोफा, कूलर आणि अर्ध्या शटरखालून दिसणारे रस्त्यावरचे पाय. त्यातले कुठले वाकतील का, म्हणून मी जरा वेळ बघत राहायचो.

यंदा पोळा होऊन गेल्यावर एक दिवस तो तळ्यावर आला. सांगून नाही, अचानक. मी बसलेलोच होतो. बाजूला निळा शर्ट दिसला.

त्याचा आवाज उतरलेला होता. म्हणाला, कंपनी डब्यांचे खेळ बंद करतेय. लोक हौसेने घेतात, आठवडाभर खेळतात, चार जणांना दाखवतात आणि मग कपाटात टाकतात. पुन्हा बाहेर काढतच नाहीत. त्याच्या टीममधल्या काहींना घरी पाठवणार होते, काहींना दुसरं काम देणार होते. त्याचं काय ठरलं ते तो बोलला नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. मग त्यानेच विचारलं, “तिकडं काय म्हनते? चालून राह्यला का आपला डब्बा?”

“चालून राह्यला ना,” मी म्हणालो. “नंबर लागून राह्यले.”

त्याच्या गळाला मासा लागला होता, दोरी ताणली गेली होती, पण तो ओढत नव्हता. मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही. इतके दिवस मनात धरलेलं मी सरळ बोलून टाकलं.

“मंग येतो का बे वणीले?”

त्याच्या गळाची दोरी सरसर पाण्यात जात राहिली.

“येतो,” तो म्हणाला.

आणि त्याचा आवाज बंद झाला. सोंगाने मान खाली घातली. मासा दोरी घेऊन केव्हाच निघून गेला होता.

मी डबा काढला तेव्हा माझे गाल दुखत होते, इतका मी हसत होतो. शटर पूर्ण वर केलं, टपरीवरून तर्री-पोहे मागवले आणि पहिल्या आलेल्या पोरांना खाऊ घातले. त्यांना वाटलं माझं लग्न जुळलं.

दुपारी त्याला फोन लावला. ममताने उचलला. मागे चिकटपट्टी ओढल्याचा चर्र चर्र आवाज येत होता. ती घाईत होती. “भाऊजी, सामान बांधून राह्यलो आम्ही,” म्हणाली. “हे खाली गेले. आले की फोन कराले सांगते.” सामान कुठं जाणार, हे मी विचारलं नाही. जे व्हावंसं वाटतं तेच होताना दिसलं की माणूस पुढे चौकशी करत नाही. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. घर हलवायच्या गडबडीत कोणाला फोन सुचतो, अशी मीच माझी समजूत घातली. कपाटातला कंट्रोलर काढला, त्याची वायर सोडली, बटणं पुसली. बाजारपेठेत एक हॉल रिकामा होता तो बघून आलो. दुकानाची एक भिंत रंगवली. रंगवताना मी गाणं म्हणत होतो, असं शेजारचा मोबाइलवाला म्हणतो. मी म्हणत नसेन.

मग मनात आलं, ही बातमी याडीला आपणच द्यावी.

मी तांड्यावर गेलो तेव्हा बिजलीबाई अंगणात बसून मुगाच्या शेंगा फोडत होती. गाडीवरून उतरता उतरताच मी सांगून टाकलं की इंद्रजीत परत येतोय, कायमचा. तिचे हात थांबले नाहीत. तिने विचारलं, तुला कोणी सांगितलं? त्यानेच, मी म्हणालो. काय म्हणाला? येतो म्हणाला.

“येतो म्हनला,” ती स्वतःशीच म्हणाली. दाणे सुपात पडत राहिले. मग तिने माझ्याकडे बघितलं. “उभा राहून म्हनला का बसून?”

आधी मला प्रश्नच कळला नाही. मग कळला.

आमच्याकडे निघालेला माणूस कधी ‘जातो’ म्हणत नाही. तसं म्हणायचंच नसतं. पायात चपला सरकवत, चौकटीला हात लावत तो ‘येतो’ म्हणतो आणि जातो. इंद्रजीत पुण्याला निघाला त्या सकाळी तिच्यासमोर उभा राहून तो ‘येतो’च म्हणाला असणार, आणि नंतरच्या प्रत्येक दिवाळीला. बोलावलेला माणूसही ‘येतो’च म्हणतो, पण तो निवांत बसलेला असतो, हातात कप असतो, तोंडावर ते दिसतं. शब्द एकच. कुठला ‘येतो’ ते ऐकून कळत नाही, बघावं लागतं. आणि मी बघितलं काय होतं? एक हसरं सोंग, जे उठतच नाही.

“तिथं तो बसलेलाच असते, याडी,” मी म्हणालो. “उठला तरी बसलेलाच दिसते.”

डब्याबद्दल तिला किती कळलं मला माहीत नाही. तिने मला पाणी दिलं, ओल्या शेंगा पिशवीत भरून दिल्या, आणि पोटभर जेवत जा म्हणाली. मी गाडीला किक मारता मारता सवयीने म्हणालो, येतो. ती म्हणाली, “ये.”

मला फोन करून विचारता आलं असतं. त्या दिवशी तू कोणतं ‘येतो’ म्हणाला होता बे, एवढंच. मोबाइल हातात घेऊन मी कितीदा तरी त्याच्या नावापर्यंत गेलो. पण विचारलं नाही तोवर दोन्ही उत्तरं जिवंत होती, आणि मला त्यातलं एक हवं होतं. म्हणून मी भित्र्यासारखा दुसरा रस्ता धरला. रोज सकाळी अर्धं शटर करून तळ्यावर जाऊन बसू लागलो. आत इंद्रजीतच्या नावापुढे दिवा लागला की तो आला असं समजायचं. दिवा विझलेला असायचा. मी गळ टाकायचो, मासे लागायचे, सोडून द्यायचो. बाहेर भिंतीचा नवा रंग वाळून त्यावर कोळशाची धूळ बसायला लागली होती.

आणि एका सकाळी दिवा लागला. बाजूच्या स्टुलावर निळा शर्ट, पिवळी टोपी.

“सामान पोचलं का?” मी विचारलं.

सोंग इकडेतिकडे मान वळवत होतं. हात वर करून स्वतःचीच बोटं बघत होतं, दुकानात पहिल्यांदा डबा घालणारे बघतात तसं. “बाप रे,” आतून आवाज आला. “तुम्ही खरे आहात का? खरंच कोणी आहे?”

तो आवाज इंद्रजीतचा नव्हता.

बोलणारा पुण्याचा होता, आयुष नावाचा, कॉलेज संपवून घरी बसलेला. चांगला मुलगा होता, खोटं कशाला बोलू. त्याने सगळं सांगितलं, मी विचारलं नसतानाही. त्यांच्याच इमारतीत एक राठोड म्हणून होते, त्यांना कंपनीने बंगळूरला मोबाइल गेमच्या कामाला पाठवलं. जाताना त्यांनी जड सामान विकून टाकलं. सोफा खालच्या मजल्यावरच्यांनी नेला, हेडसेट याने घेतला. राठोड म्हणाले होते की कपाटातच पडून असतो, घेऊन जा. फक्त त्यांचं नाव यातून काढायचं राहून गेलं, आणि ते कसं काढतात ते याला सापडत नव्हतं.

माझ्या गळाला मासा लागला होता. मी तो ओढला आणि हातात धरून बसलो. रडू येत होतं. पण डब्यात रडणं वाईट, भिंगांवर वाफ धरते आणि पुसता येत नाही. बर्फाचे डोंगर धूसर झाले. निळा शर्ट तेवढा दिसत होता.

“चार दिवस झाले मी रोज येतोय,” आयुष म्हणाला. “कुठल्याही खेळात जा, कोणी भेटतच नाही. तुम्ही पहिलेच. मला सांगा ना, हे खरंच चालतं का? म्हणजे, लोक खेळतात का हे?”

“नाही,” मी म्हणालो. “नाही चालत.”

दोन वर्षांत त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी पहिल्यांदा दिलं. तो बिचारा खट्टू झाला. जरा वेळाने त्याने विचारलं, हातातल्या माशाचं काय करायचं असतं? मी म्हणालो, परत पाण्यात सोडायचा. मग मी माझा मासा सोडला.

नाव कसं काढायचं ते मीच त्याला सांगितलं. दुकानात हे काम मी कितीदा केलंय. मनगट उलटं कर, गोल खूण दिसेल ती दाब, खाली जा, पहिलंच नाव दिसेल. त्याला सापडलं. म्हणाला, हे दाबलं की टोपी-शर्ट सगळं जाईल आणि मला नव्याने सुरू करावं लागेल, असं लिहिलंय. दाबू ना?

“एक मिनिट थांब,” मी म्हणालो.

मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. तळ्यावर माझं सोंग बसलेलंच दिसत असणार, पण मी उभा होतो, पायांत चपला होत्या. निळ्या शर्टाकडे, त्या हसऱ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

“जातो,” मी म्हणालो.

जन्मात पहिल्यांदा हा शब्द मी निघताना वापरत होतो, जीभ वळली नाही नीट. आयुषला त्यात काही वाटलं नाही, तो म्हणाला, हो, बाय. मी डबा काढून खिळ्याला टांगला. अर्धं शटर वर न करता खाली ओढलं, कुलूप लावलं, आणि गाडी तांड्याच्या रस्त्याला घातली. याडीने मला एक गोष्ट विचारली होती आणि तिचं उत्तर माझ्याकडून द्यायचं राहिलं होतं. इंद्रजीत उभा राहून म्हणाला होता.